खांद्यावरची चार बोटं

गिरजाबाई गागोद्याहून पहाटेच्या एसटीने पेणला आली, तिथून दुसरी गाडी धरून रोह्याला उतरली आणि घराकडे न वळता थेट काळुरामच्या फोटो स्टुडिओत शिरली. सून कामावर असणार हे तिला ठाऊक होतं. रोहिणी काउंटरमागे पासपोर्टचे फोटो कापत बसली होती. सासूला पाहून तिने कात्री ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"त्याचा फोटो पायजे गो, घरात लावायला," गिरजाबाई घोटभर पाणी पिऊन म्हणाली. "कंपनीच्या कार्डावरचा नको. त्यात तो माझा वाटतच नाय."

अक्षय, रोहिणीचा नवरा, उन्हाळ्यात गेला. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून स्कूटरवर घरी येत होता, वळणावर टँकर समोर आला. त्यानंतरचं सगळं रोहिणीने नीट पार पाडलं. कंपनीतल्या त्याच्या कपाटातून डबा आणि रेनकोट आणला, दिवसकार्य उरकलं, पुन्हा कामावर आली. रडू तेवढं आलं नाही. शेजारणी आपसात म्हणत, एक दिवस फुटेल बिचारी, लक्ष ठेवा. रोहिणीही मनातून वाट बघत होती. पण फुटलं काहीच नाही. एकदा भाजी चिरताना बोट कापलं, तर ते नळाखाली धरायचंही तिला सुचलं नाही. टपटपणारं रक्त बघत तशीच उभी राहिली.

तिने कपाटातून एक फोटो काढून सासूपुढे ठेवला. गेल्या वर्षी ती आणि अक्षय गणपतीची मूर्ती ठरवायला पेणला गेली होती, काळुरामही नवी लेन्स घेऊन बरोबर आला होता. कारखान्यात उजेड बेताचा, म्हणून त्याने लेन्स पुरती उघडून फोटो काढला, त्यामुळे एका अंतरावरचं तेवढं स्पष्ट आलं आणि मागचं धूसर. पुढे अक्षय कशालातरी खदखदून हसतोय, त्याच्या पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट. मागे बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगा, पांढऱ्या धुरासारख्या विरघळलेल्या. आणि त्या धुरातच रोहिणी. त्याच्या चौकड्याच्या शर्टावर पडलेली माती झटकायला तिने हात लांब केला होता.

गिरजाबाईने फोटो उजेडात धरला. तिरपा करून लेकाचा चेहरा न्याहाळला.

"ह्योच कर," ती शेवटी म्हणाली. "पण तू नको त्याच्यात. हार घालायचा फोटो हाय. जित्या मानसावर हार पडू नये."

"व्हय, आई."

सासू गेल्यावर काळुराम म्हणाला, "मी करतो गो हा. तू राहू दे."

"मला येतं, भाऊ," रोहिणी म्हणाली.

त्याच वर्षी काळुरामने कंप्युटर आणि स्कॅनर घेतला होता. त्याचा मेहुणा धनेश पनवेलला कंप्युटर शिकवायचा. त्याने स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम फ्लॉपीत घालून आणून दिला होता. फोटोतला माणूस ठेवायचा आणि मागचं सगळं पुसायचं, यासाठी. रोहिणीला तो कसा चालतो हे त्याने समजावलंही होतं. "वहिनी, ह्याला माणूस कळत नाही की मूर्ती कळत नाही. हा नुसते शेजारशेजारचे ठिपके ताडून बघतो. फोकसमध्ये असेल तिथे एका ठिपक्याहून दुसऱ्याचा रंग झटकन बदलतो, धूसर असेल तिथे हळूहळू. झटकन बदलणारं ते पुढचं, ते हा ठेवतो. बाकीचं मागचं, ते पांढरं करतो."

रोहिणीने फोटो स्कॅन केला आणि प्रोग्राम लावला. वरून खाली एकेक पट्टी पांढरी होत गेली. मूर्ती गेल्या. भिंत गेली. तिचा चेहरा गेला, साडी गेली. अक्षय राहिला, पण गालाच्या आणि कपाळाच्या जागी भोकं पडली होती. याची कल्पना धनेशने दिली होती. नितळ कातडीवर ठिपके फारसे बदलत नाहीत, म्हणून प्रोग्रामला ती धूसरच वाटते. रोहिणीने मूळ फोटोतून गाल परत आणला, मग कपाळ. हात स्थिर होता. कुणा गिऱ्हाइकाचं काम करावं तसं ती करत गेली.

मग तिचं लक्ष खांद्याकडे गेलं. तिथे चार बोटं होती.

मनगटापाशी हात संपत होता, त्यापुढे सगळं पांढरं. बोटं मात्र नखांसकट लख्ख.

काळुराम मागे येऊन उभा राहिला होता. "प्रोग्राम चुकला वाटतं," तो चाचरत म्हणाला.

"चुकला नाय. मी मागं होते, पण बोटं त्याच्याइतकीच पुढं होती."

काळुराम चहा सांगायला बाहेर गेला.

रोहिणीने दुसऱ्या खांद्यावरचा शर्टाचा तुकडा उचलला आणि पहिल्या बोटावर ठेवला. चौकडीच्या रेघा जुळेनात. पुसून पुन्हा ठेवला. फोटो इतका मोठा केला की पडद्यावर नुसते रंगाचे चौकोन उरले. बोट कुठलं आणि शर्ट कुठला ते कळेना. एकेक चौकोन भरत ती शेवटच्या नखापर्यंत आली. तेही गेलं. माऊसवरचा हात काढून ती थोडी थांबली. आता तरी काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. डोक्यावर पंखा फिरत होता. तिने काम सेव्ह केलं आणि आलेला चहा पिऊन टाकला.

रविवारी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून ती पेणमार्गे गागोद्याला गेली. गिरजाबाईने ओसरीवर बसून कागद सोडला. पदराने काच पुसली, लेकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवता तो खांद्यावर थांबला.

"हितं तुझा हात व्हता ना गो?"

"व्हता. काढला."

"कसा?"

"दुसऱ्या खांद्यावरचा शर्ट आणून हितं लावला."

गिरजाबाईने मान हलवली. मग खालच्या आवाजात विचारलं, "आन् तो मूळचा? तो पन पुसलास काय?"

"नाय. तो तसाच हाय."

"तो मला आणून दे. ह्यो भिंतीला लागंल, हार घालायला. तो मी ट्रंकेत ठेवीन, माझ्या लुगड्यांखाली. तिथं कोन हार घालतंय?" ती फ्रेम बाजूला ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठली. "कोनी आलं-गेलं तं दाखवायला पायजे ना, माझी सून कशी व्हती त्याच्यासंगं. ऊठ, पान वाढते."

रोहिणी पानावर बसली. भात आणि वालाचं बिरडं होतं. गिरजाबाई चुलीपाशी पाठमोरी बसून पुन्हा पुन्हा नाक पुसत होती. रोहिणीच्या डोळ्यांत काही आलं नाही. ती एकेक घास नीट चावून खात राहिली. पानातलं संपलं तशी तिला अजून भूक असल्याचं कळलं, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

"आई," ती म्हणाली, "थोडा भात घाल अजून."