झाशीचा पटर आणि बेटावरचे तीन दिवस

मित्रांनो, झाशीत लक्ष्मी गेटच्या आत एका घरात, कपड्यांच्या कपाटामागे, मी भिंतीला टेकून उभा असतो. मी एक जुना पटर आहे. गोल्फच्या खेळात चेंडू लांब लांब मारून झाला की शेवटी तो हळूच ढकलून खळग्यात घालावा लागतो. त्या शेवटच्या कामाची काठी म्हणजे पटर. माझं डोकं लोखंडाचं आणि दांडा शिसवीचा. दांड्याला मधोमध एक चीर आहे. तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

मी दुकानात जन्मलो नाही. झाशीच्या रेल्वे कारखान्यात मालगाडीचे डबे दुरुस्त होतात. तिथे रामकृष्ण नावाचे एक फिटर होते. त्यांचं घराणं मूळचं गुरसरायकडचं, पिढ्यान्‌पिढ्या बुंदेलखंडात राहिलेलं. एकदा त्यांनी भंगारातला एक तुकडा साहेबांना विचारून घेतला आणि सुट्टीच्या वेळात भट्टीत तापवून, ठोकून ठोकून मला घडवलं. हातोड्याच्या खुणा माझ्या पाठीवर अजून आहेत.

वसाहतीपलीकडच्या माळावर तेव्हा नऊ खळग्यांचं मैदान होतं. झाशीच्या उन्हात हिरवळ कुठली टिकायला? म्हणून खळग्याभोवती जळकं तेल कालवलेली वाळू पसरून ठेवत. चेंडू तिच्यावरून गेला की मागे ओळ उमटायची. मग लोखंडी पाइप ओढून वाळू सपाट करायची आणि पुढच्याने खेळायचं. रामकृष्ण तिथे तो ओढायचा पाइप दुरुस्त करायला गेले होते. एका म्हाताऱ्या इंजिनिअर साहेबांनी त्यांच्या हातात काठी दिली आणि खेळ शिकवला. ते साहेब सांगायचे, "हा खेळ समुद्राकाठी जन्मला. वाळूच्या टेकड्यांवरचं आखूड गवत, बाकी काही नाही. तिथे वाराही तुमच्याबरोबर खेळतो." रामकृष्णांनी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. त्यांच्या मनात ती गोष्ट घर करून बसली.

माझे चांगले दिवस तेच. कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेत आम्ही दोनदा पहिले आलो. लोक मला हातात घेऊन विचारत, "कौनसी कंपनी का है?" रामकृष्ण म्हणत, "घर का है, भैया." घरी मात्र इंदुमतीबाई मला उंबऱ्याबाहेर थांबवत. "अहो, तेलाचे डाग पडतात फरशीला. आधी पुसा ती," असं म्हणायच्या, आणि शेवटी स्वतःच जुन्या धोतराच्या तुकड्याने मला पुसून ठेवायच्या.

मग माळावर कुंपण पडलं, इमारती उठल्या. मैदान गेलं. रामकृष्ण निवृत्त झाले. मी आधी कोपऱ्यात गेलो, तिथून गच्चीच्या जिन्यात गेलो. आता माझं काम एकच, वानरं हाकलायचं. गच्चीवर पापड, सांडगे वाळत घातले की इंदुमतीबाई मला घेऊन पहारा करत. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण निदान कुणाच्या तरी हातात होतो.

त्यांची मुलगी क्षमा बारा वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये नोकरी करते. लहानपणापासून तिने बाबांच्या तोंडून समुद्राकाठच्या मैदानाचं इतकं ऐकलं होतं की गेल्या उन्हाळ्यात तिने बेतच केला. तिकडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक लहानसं बेट आहे. तिथे शंभराहून जास्त वर्षांचं जुनं मैदान आहे. तिने आईबाबांना दोघांनाही बोलावलं.

इंदुमतीबाई म्हणाल्या, "मला नाही जमायचं बाई. विमान, वर ती बोट. माझे गुडघे ऐकत नाहीत. तुम्ही जाऊन या."

"तुला एकटीला सोडून?"

"एकटी कशी? शेजारी मयुरा आहे. दोन हप्त्यांत मी काय पळून जाते आहे? जन्मभर त्या समुद्राचं पुराण ऐकवलंत, आता बघून या एकदाचा."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळची गोष्ट. इंदुमतीबाई मला घेऊन गच्चीवर आल्या. टाकीवर एक मोठं वानर बसलं होतं. त्यांनी मला उगारलं, आणि हात तसाच थांबला. त्यांचा सगळा भार एकदम माझ्यावर आला. दुसऱ्या हाताने त्यांनी टाकी धरली. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. वानराने दोन पापड उचलले तरी त्या हलल्या नाहीत.

खालून रामकृष्णांनी हाक मारली, "इंदू, काय गं?"

"काही नाही. वानर होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीसारखा काढला. मग पायरी पायरी करत खाली उतरल्या, मला स्वच्छ पुसलं आणि नवऱ्याच्या हातात देत म्हणाल्या, "हीसुद्धा न्या. तिचाही समुद्र बघायचा राहिलाय."

मित्रांनो, त्यांना घेरी आली होती हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि मला तोंड नाही. रामकृष्णांनी नळाचा एक प्लॅस्टिकचा पाइप आणला, मला त्यात घातलं आणि दोन्ही टोकांना झाकणं लावली. आतल्या अंधारात मी झाशी सोडली.

पाइप उघडला तेव्हा आम्ही बेटावर होतो. असं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. एकही झाड नाही. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर दाट आखूड गवत, आणि गवत जिथे संपतं तिथे लगेच पाणी. वारा इतका, की रामकृष्णांची टोपी क्षमाला दोनदा धावत जाऊन आणावी लागली. मैदानाची देखभाल एक वयस्कर बाई बघत होत्या. त्यांनी मला हातात घेतलं, माझ्या पाठीवरच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाल्या.

क्षमाने सांगितलं, "बाबा, त्या म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या वेळी बेटावरचा लोहार असेच पटर घडवायचा. विचारतायत, हा कुणी बनवला?"

रामकृष्णांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्या बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला आणि बराच वेळ धरून ठेवला.

पहिल्या हिरवळीवर मी चेंडूला नेहमीसारखा टोला दिला. झाशीच्या तेलकट वाळूवर तेवढा लागायचाच. इथे चेंडू खळगा ओलांडून, उतारावरून घरंगळत थेट रेतीत गेला. रामकृष्ण एकाहत्तर वर्षांचे, पण लहान मुलासारखे हसले. "इंदूला सांगायला पाहिजे," ते म्हणाले. पुढे प्रत्येक हिरवळीवर ते तसंच म्हणत होते. सहाव्या खळग्यात चेंडू पडला, तेव्हा टप्‌ असा आवाज आला आणि मला माझी सगळी जुनी वर्षं परत मिळाल्यासारखं वाटलं.

सातव्या हिरवळीवर फोन वाजला. तिथे सकाळचे साडेअकरा झाले होते, झाशीत दुपारचे चार. मयुरा होती. ती धाप लागल्यासारखी बोलत होती, आणि फोनचा आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू आलं.

"काकाजी, काकू किचनमध्ये पडलेल्या आहेत. बोलत नाहीयेत. एक बाजू हलतच नाही. समोरचे विक्रमभैया गाडी काढतायत, आम्ही अस्पतालला नेतोय."

"कधी पडली?"

"माहीत नाही काकाजी. दार बंद होतं. गॅसवर दूध जळून भांडं काळं पडलं होतं, मी आत्ता बाहेरून आले तेव्हा वास आला म्हणून… मागच्या दाराने आत शिरलो. सकाळपासून पडल्या असतील."

रामकृष्णांनी मला गवतावर टाकलं आणि ते चालू लागले. कुठे, ते त्यांनाही कळत नव्हतं. समोर समुद्र होता.

क्षमाने धक्क्यावर फोन केला. वारा वाढला होता, दुपारची बोट रद्द झाली होती. उद्याचं उद्या सांगू, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही बोट आली नाही. त्या बेटावरून विमान उडत नाही, आणि मासेमारीच्या होड्यासुद्धा बांधून ठेवल्या होत्या. देखभाल करणाऱ्या बाईंनी दोघांना आपल्या घरी राहायला नेलं. त्या चहा करून आणत आणि तो तसाच गार होत असे. मी खिडकीजवळ उभा होतो. तिथून मैदान दिसायचं, आणि मैदानापलीकडे पांढऱ्या लाटा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयुराने इस्पितळातून फोनवर इंदुमतीबाईंचा चेहरा दाखवला. ओठ एका बाजूला ओढलेले. एक डोळा अर्धवट मिटलेला. रामकृष्ण फोन तोंडाजवळ नेऊन म्हणत राहिले, "इंदू, मी येतोय. ऐकतेस ना? निघालोच आहे मी." निघाले कुठे होते ते? पलीकडे नुसता त्यांचा डावा हात थोडा उचलला गेला आणि तेवढ्यात फोन बंद पडला.

तेव्हा रामकृष्णांनी मला उचललं आणि ते बाहेर पडले. जवळच्या हिरवळीवर त्यांनी चेंडू ठेवला आणि मारला. वाऱ्याने तो भलतीकडे नेला. त्यांनी आणून परत ठेवला, परत मारला. असं किती वेळा, ते मी मोजलं नाही. त्यांनी मूठ आवळली होती आणि प्रत्येक टोला वाकडा जात होता. मला सरळ राहायचं होतं, निदान एक चेंडू तरी त्यांच्यासाठी खळग्यात घालायचा होता. पण पटर हातावर चालतो, हाताला आवरू शकत नाही.

क्षमा धावत आली. "बाबा, आत चला. भिजताय."

"काय करू मी आत बसून? सांग ना. काहीतरी करायला सांग मला."

"करण्यासारखं काही नाहीये, बाबा." तिने त्यांचा दंड धरला. "मी सगळ्यांना फोन केलेत. माझ्याही हातात काही नाहीये."

रामकृष्णांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. "या काठीपायी आलो मी इथं," ते म्हणाले. "या काठीपायी ती एकटी पडून होती दिवसभर." आणि त्यांनी मला जोर लावून खडकांवर फेकलं.

दांड्याची चीर तेव्हाची. खडकांच्या फटीत मी पडलो होतो आणि खारं पाणी अंगावर येत होतं. लाकूड तडकल्याचं मला फारसं वाटलं नाही. घडवणाऱ्यानेच आपल्याला टाकावं, हे मात्र सहन होईना. आणि तरी मला त्यांना सांगायचं होतं, की बाबा रे, तिला निघायच्या आदल्याच दिवशी घेरी आली होती, तिने ती तुझ्यापासून लपवली, दोष तुझा एकट्याचा नाही. मी लोखंड आणि लाकूड. पाण्यात पडून राहण्यापलीकडे मला काय येतं?

क्षमाने खडकांवरून वाकून मला काढलं आणि आपल्या सामानात लपवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटली. पुढे विमानं, मग दिल्लीहून गाडी. इंदुमतीबाई पडल्यापासून पाचव्या दिवशी रामकृष्ण त्यांच्या खाटेशी पोचले. त्या जगल्या. पण उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात पहिले काही तास फार मोलाचे असतात. त्यांनी ते सरळपणे सांगितलं होतं, कुणाला बोल लावायला नव्हे. रामकृष्णांनी मात्र ते वाक्य कायमचं उराशी धरलं.

क्षमा दोन महिने राहिली. जाताना तिने माझी चीर बांधली आणि मला कपाटामागे ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. डोक्याला गंज धरला आहे, खाऱ्या पाण्याचा गंज फार लवकर पसरतो. फटीतून मला खाट दिसते. सकाळी रामकृष्ण बाईंची बोटं एकेक करून उघडतात, मिटतात. शब्द शिकवतात. पाणी. पोळी. क्षमा. कधी एखादा येतो, कधी येत नाही. आणि बोटं चोळता चोळता ते रोज एकदा म्हणतात, "मी गेलो नसतो तर."

माघात एका सकाळी ते असंच म्हणाले. इंदुमतीबाईंनी डावा हात उचलला आणि त्यांच्या तोंडावर ठेवला. बाईंचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. मग शब्द आले, एकेक करून.

"मी… धाडलं."

रामकृष्ण खाटेवर पुढे वाकले.

"च… चक्कर," त्या म्हणाल्या. "सांगितली… नाही."

इतक्या महिन्यांत त्या एवढं कधीच बोलल्या नव्हत्या. जे मला सांगता आलं नाही ते त्यांनी अर्ध्या तोंडाने सांगितलं. मला वाटलं, आता या माणसाचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. रामकृष्णांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ते रडू लागले. "मग मी कसं ओळखलं नाही गं?" ते म्हणाले. "एका घरात राहून?" बाईंनी डावा हात सोडवून त्यांचे डोळे पुसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, पुसून ठेवा, असं सांगायला मी बोलायला लागलो नाही. माझा गंज राहू द्या. तुमच्या घरात कुणीतरी असेल, जे विचारल्यावर "काही नाही" म्हणून कामाला लागतं. त्यांना तेवढ्यावर सोडू नका. जवळ जाऊन बसा आणि पुन्हा विचारा. तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत, आणि तुम्ही अजून त्यांच्याच घरात आहात.