दहा गुंठे, झाडांसकट

थोरली नात मोनाली बाळंत झाली ते साल दोन हजार तेवीस. त्याच साली ज्ञानदेवाच्या बायकोनं, भागुबाईनं अंथरूण धरलं. तिचं एकच मागणं होतं.

"मला सासूबाईंवानी ओढ्याच्या चिखलातनं न्हेऊ नगा. 'आमच्या बांधावरनं उतरा' असं मेल्यावर तरी कुनी म्हनू नये."

वरवंडपासून कोसभर आत त्यांचं गाव. बौद्धवस्तीला हक्काचा मसणवटा नव्हता आणि ओढ्याकाठची पडीक जमीन आनंदरावांची. इलेक्शन तोंडावर आलेलं. ग्रामसभेत आनंदरावांनी उपरणं सावरलं. "ज्ञानदेवा, जागा तुझी काय आन् माझी काय! घ्या दहा गुंठे. फुकट!"

टाळ्या पडल्या. फोटो निघाला. फोटोत जमीन सोडून सगळं आलं होतं.

ज्ञानदेव हरखून दौंडला गेला, हनोख किहीमकर दादांकडे. दादा धर्मानं ज्यू, रेल्वेतले रिटायर गार्ड. ज्ञानदेव गँगमन होता तेव्हापासूनची दोस्ती. सगळं ऐकून दादा पोट धरून हसले.

"अरे, आमच्या अब्राहामाचं हेच झालं होतं. बायको वारली, पुरायला जागा नाही. गावचा जमीनदार चारचौघांत म्हणाला, घ्या की फुकट. अब्राहाम वाकून म्हणाला, दाम बोला. तर तो म्हणतो, चारशे शेकेल चांदी, तुमच्या-माझ्यात त्याचं काय एवढं! अब्राहामानं घासाघीस केली नाही. वेशीत सगळ्यांदेखत चांदी तोलून दिली आणि झाडांसकट शेत घेतलं."

"पन तुमीच मागं सांगितलंवतं, देवानं त्याला आख्खा मुलूख कबूल केलता न्हवं?"

"केला होता की! तरी कबरीपुरती जागा रोखीनं घ्यावी लागली. देव वचन देतो, खरेदीखत देत नाही. आमच्या शास्त्रात जमीन तीन वाटांनी येते. पैसा, कागद, कब्जा. भाषणानं येत नाही. आणि वर देव म्हणतो, भूमी माझी, तुम्ही सगळे उपरे. माझा मुलगा त्याच मुलखात भाड्यानं राहतो. घरमालक दर वर्षी भाडं वाढवून त्याला हे शास्त्र समजावतो."

ज्ञानदेव परत आला तो थेट आनंदरावांच्या ओट्यावर. "आप्पा, दाम बोला."

"अरे, दान दिलंय! पैशाचं कशाला काढतो?" आनंदराव दुखावले. मग चहा गार व्हायच्या आत म्हणाले, "तीन लाख. तुझ्या-माझ्यात त्याचं काय एवढं!"

ज्ञानदेवाला हसू आवरेना. अब्राहामाचा तो जमीनदार ह्याच शिवारातला असावा.

नातू धम्मदीपनं कपाळ बडवलं. "आबा, फुकट मिळत हुतं की!"

"टाळ्या मिळाल्या, लेका. जागा कुठं मिळाली?"

ज्ञानदेवानं रेल्वेचे साठवलेले पैसे काढले, वस्तीनं वर्गणी घातली. दौंडात खरेदीखत झालं. चिंचेची चार झाडं आणि तिथवर जायची बांधावरची वाटही त्यानं लिहून घेतली.

इलेक्शनात आनंदराव पडले. मातंगवस्तीला त्यांनी तसेच पाच गुंठे फुकट दिले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलानं, विक्रमनं, तिथं तार ओढली. "बाबांनी तोंडानं दिलं हुतं. आता तोंड मिटलं," म्हणाला. मग कुऱ्हाड घेऊन चिंचा तोडायला आला. ज्ञानदेवानं कागद पुढं केला. विक्रमनं तो दोनदा वाचला, उलटा करूनही पाहिला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून आपल्याच बांधावरून निघून गेला.

भागुबाई दोन हजार चोवीसच्या माघ पौर्णिमेला, शनिवारी पहाटे वारली. तिला चिंचेखाली पुरलं. कुणी उतरा म्हणालं नाही.