आमच्या भिंतीतून वाफ निघेना

मी एक जुनी पांढरी नळी आहे. प्लास्टिकची, अंगठ्याएवढी जाड. मित्रांनो, इंग्लंडच्या उत्तरेला, हॅलिफॅक्सच्या चढावर, एका दगडी घराच्या मागच्या भिंतीवर माझे आयुष्य गेले. आत स्वयंपाकघरात बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, ते पाणी रेडिएटरांतून फिरते आणि घर उबदार राहते. काम करताना बॉयलरला घाम फुटतो. तो थेंबथेंब बाहेरच्या गटारात नेऊन सोडणे, एवढेच माझे काम. उबेचे कौतुक सगळे करतात. घाम कुठे जातो, हे कुणी विचारत नाही.

खरे तर मला घरातच, बेसिनखाली जोडायचे ठरले होते. पण बसवणाऱ्या माणसासाठी घरमालकीण एनिडबाईंनी चहा केला, आणि या मुलखात चहा गार होऊ देणे हा गंभीर अपराध आहे. त्याने जवळच्या भिंतीला भोक पाडले, मला बाहेर काढले आणि तो चहाला गेला. थंडीपासून वाचवणारे फोमचे वेष्टण माझ्यावर चढवायचे राहिले ते राहिलेच.

तरी दिवस वाईट गेले नाहीत. एनिडबाईंचे यजमान वॉल्टर माझ्या शेजारी टोमॅटोच्या कुंड्या ठेवत. कुंडी सरकवताना म्हणत, "जरा बाजूला हो गं." माझ्याशी बोललेला हा एकच माणूस.

यंदाच्या जानेवारीत ते छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते. ज्या दिवशी दुपारी ते घरी यायचे होते, नेमकी त्याच सकाळी मी गोठले. माझ्या कोपरात बर्फाचा बोळा बसला, पाणी तुंबले, आणि स्वतःच्या घामात बुडण्याआधी बॉयलर गुरगुरून बंद पडला.

तेवढ्यात दवाखान्यातून नर्सचा फोन आला. "घर उबदार आहे ना, बाई? गार घरात आम्ही त्यांना सोडणार नाही."

"छान उबदार आहे," एनिडबाई म्हणाल्या. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो उद्याशिवाय मोकळा नव्हता. "बाहेरची नळी गोठली असणार," एवढे त्याने सांगितले. शेजारी क्लिफर्ड सग्डेन होते, पण त्यांना हाक कशी मारायची? इथे कुणी "कसं काय?" विचारले, की उत्तर ठरलेले आहे: "ठीक चाललंय." घराला आग लागली, तरी माणूस फार तर "आज जरा गरम होतंय" म्हणेल.

म्हणून एनिडबाई कोट-टोपी घालून, हातात उकळती किटली घेऊन एकट्याच माझ्यापाशी आल्या. कुंपणापलीकडून क्लिफर्ड डोकावले.

"काय एनिड, सगळं ठीक?"

"ठीक चाललंय."

"मग घर गार कसं?"

"कोण म्हणतं?"

"तुझी भिंत म्हणते. बघ, सगळ्या गल्लीची धुराडी वाफा सोडतायत. तुझंच तेवढं मुकं."

एनिडबाईंनी वर पाहिले. माझ्या डोक्यावर भिंतीतून बाहेर आलेल्या बॉयलरच्या धुराड्यातून खरोखरच काही निघत नव्हते. त्या किटली घेऊनच कुंपणाकडे वळल्या.

"क्लिफर्ड, मला नाही रे जमत हे. घर तापलं नाही, तर त्याला पाठवणार नाहीत."

"आलो. फाटकातून येतो, उडी मारायचं वय गेलं. आणि ती किटली आधी खाली ठेव! उकळतं पाणी ओतलंस तर नळी तडकेल. गेल्या वर्षी माझी फोडली मी."

"तू तर म्हणालास, जुनी झाली म्हणून बदलली!"

"मग काय सांगणार? माझंही ठीकच चाललं होतं."

क्लिफर्डनी गरम पाण्याची रबरी पिशवी माझ्या कोपराला बांधली. वॉल्टरच्या झारीतून एनिडबाई कोमट पाणी घालत राहिल्या. माझा बोळा सुटला आणि गटारात भसकन पाणी पडले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, पण मी ठरले नळी, दाखवणार कसा? आत बटण दाबले गेले, बॉयलर पेटला आणि वर धुराड्याने पांढरी वाफ सोडली. ओल्या फरशीवर पाणी गोठून वॉल्टर घसरू नयेत म्हणून क्लिफर्डनी तिथे मीठ टाकले.

दुपारी वॉल्टर आले. भिंतीच्या भोकातून मला सगळे ऐकू येत होते.

"घर छान तापलंय. तुला काही त्रास नाही ना झाला?"

"छे, ठीक चाललं होतं," एनिडबाई म्हणाल्या. चहा पिणाऱ्या क्लिफर्डना जोराचा ठसका लागला. मग बाई हळूच म्हणाल्या, "नाही रे, वॉल्टर. फार घाबरले होते मी."

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर फोमचे वेष्टण चढले. वसंतात वॉल्टरनी कुंडी सरकवली आणि म्हणाले, "जरा बाजूला हो गं." मी अर्थातच हलले नाही. पण बरे वाटले.

मित्रांनो, थंडी येण्याआधी माझ्यासारख्यांना पांघरूण घाला. कौतुक नाही केले तरी चालेल. आणि शेजारी "ठीक चाललंय" म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास जरूर ठेवा, पण जाता जाता त्याच्या भिंतीकडेही एकदा बघा.