बत्तीस – जून

नायलॉनचा तो धागा दहा ग्रॅम भार आला की वाकतो. आधी नाही, नंतरही नाही. प्लॅस्टिकच्या दांडीला बसवलेला चार सेंटिमीटरचा तुकडा. तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, उचलायचा. पायातले चेतातंतू शाबूत असतील तर तो स्पर्श कळतो. मधुमेहाने ते पोखरले असतील तर कळत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो बाबांच्या तळव्यांना लावते. प्रत्येक पायावर दहा जागा. त्यांनी डोळे मिटायचे आणि धागा लागला की ‘लागलं’ म्हणायचं. बाबांनी चाळीस वर्षं कोट शिवले. पहिल्यांदा धागा दाखवला तेव्हा तो चिमटीत धरून त्यांनी विचारलं होतं, तंबू शिवायचाय का?

त्या फेब्रुवारीत उजव्या पायावर दहापैकी आठ वेळा ‘लागलं’ आलं. मी आकडा वहीत लिहिला आणि मग लक्षात आलं की सातव्या जागी मला खोकला आला होता आणि धागा मी टेकवलाच नव्हता, तरी ‘लागलं’ आलं होतं. बाबा शिलाई मशीनच्या लयीत होकार देत होते. माझे आकडे चांगले यावेत म्हणून. मी वही मिटली. वाईट वाटायला हवं होतं, पण त्याआधी ते ओळखीचं वाटलं.

नऊ वर्षांपूर्वी एकदा बाबा दुपारभर तळव्यात टाचणी रुतलेली घेऊन दुकानात वावरले होते. फरशीवरचे लाल ठिपके गिऱ्हाइकाने दाखवले. त्यानंतर मी माझा संशोधनाचा विषय बदलला. आमच्या संस्थेत वनस्पतींचे अर्क काढून तपासतात. काचेच्या बशीत चेतापेशी वाढवायच्या. त्या बारीक तंतू बाहेर टाकतात. बशीत साखर वाढवली की तंतू आखडतात. अर्क घातल्यावर ते पुन्हा लांबतात का, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. एकतीस झुडपं झाली, काही घडलं नाही. बत्तिसाव्याच्या अर्काने तंतू एक्केचाळीस टक्के जास्त लांब राहिले. तेव्हापासून त्या झुडपाचं नावच बत्तीस पडलं.

मी पेपर लिहिला, तो छापून आला. बाबांनी उरलेल्या अस्तराचं त्याला कव्हर शिवलं, आतून शिवण दिसणार नाही असं, आणि जो येईल त्याच्यापुढे ते काढून ठेवू लागले. माझ्या मुलीने पान शोधलंय, म्हणायचे. पान आधीपासून तिथेच होतं, असं मी म्हटलं की ते म्हणत, कापडही आधीपासून असतंच की. आणि गिऱ्हाईक गेलं की हळूच विचारायचे, एक बाटली आण ना घरी. मी समजावून सांगायची की बाबा, हे बशीतल्या पेशींवरचं काम आहे, माणसाच्या पायापर्यंत यायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. ते मान डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचे.

पुढच्या दोन जूनमध्ये मिळून आम्ही तोच प्रयोग पुन्हा करायला बत्तीसच्या पानांच्या आठ खेपा आणल्या. आठही वेळा काही नाही. मोजमापाचं काम करणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो चहा किती झाला हेही तीन स्थळांपर्यंत सांगतो. आठव्या खेपेचा निकाल त्याने कागदावर लिहून टेबलावर पालथा ठेवला. तोंडाने आकडा न सांगण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

त्याच सुमारास दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या संशोधक विद्यार्थिनीचं पत्र आलं. तिने माझा पेपर समोर ठेवून, त्यात लिहिल्याप्रमाणे जूनमध्ये तोडलेली पानं घेऊन वर्षभर काम केलं होतं. तिला काहीच मिळालं नव्हतं. आपलं काय चुकतंय, असं तिने फार अदबीने विचारलं होतं. मी उत्तर पाठवलं: पेशी हाताळताना अधिक काळजी घ्यावी. ते वाक्य मी तीनदा वाचून पाठवलं. म्हणजे नकळत लिहून गेले, असंही म्हणता येत नाही.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "पेपर तुझा आहे, निर्णयही तुझाच. त्याच्या पाठीशी उभी राहा, नाहीतर तो मागे घे. मधे लोंबकळू नकोस." त्याच पेपरच्या जोरावर मला माझा स्वतंत्र विभाग मिळायचा होता. मी दहा महिने लोंबकळले.

बाबांच्या त्या आठ ‘लागलं’नंतरच्या सोमवारी मी संस्थेच्या मागच्या रोपवाटिकेत गेले. तिथलं सगळं मावशी बघतात. माझ्या जन्माआधीपासून त्या तिथे आहेत, असं त्या म्हणतात आणि खोटं ठरवायला कुणी उरलेलं नाही. त्या बत्तीसच्या वाफ्यात वाकून वाळक्या काटक्या छाटत होत्या. मी म्हटलं, यंदाही पानं लागतील, आधीच सांगून ठेवते.

"यंदा तरी जून न्या," मावशी म्हणाल्या.

"दर वर्षी जूनचीच नेतो की."

"कुठली? दर वर्षी कोवळी लुसलुशीत नेता. पहिल्यांदा नेलीत तीच काय ती जून. तीन दिवस निवडत बसले होते मी. परत कुणी मागितली नाहीत, म्हटलं आवडली नसतील."

मी विचारलं, ती पानं जून महिन्यात तोडलेली होती ना?

मावशींनी कात्री खाली ठेवली. "जूनमध्ये जून पान कुठून आणू? तेव्हा तर हिला नवी पालवी असते." त्यांनी फांदीवरून एक गडद, जाड पान खुडलं, माझ्या कानाशी धरलं आणि मोडलं. तट्‌ असा आवाज आला. "जून पान मोडतं. कोवळं नुसतं वाकतं. तुम्ही एवढे जाड चष्मे लावता, अन् दोन अक्षरं वाचता आली नाहीत?"

त्या मोडलेल्या पानाकडे बघत मी किती वेळ उभी होते, ते दशांशलाही सांगता आलं नसतं.

मी या कामाला लागले तेव्हा ऑगस्ट होता. वाळवणाच्या खोलीतल्या कपाटात पाकिटं रचून ठेवलेली होती. ‘१७ – मार्च’, ‘२९ – ऑक्टोबर’. ती आधीच्या तंत्रज्ञाने लिहिलेली. त्यांच्यात एक ‘३२ – जून’ होतं. तो रजेवर असताना ते पाकीट मावशींनी भरलं होतं, फेब्रुवारीत, आणि पानं कशी आहेत ते वर लिहिलं होतं. मी ते महिन्यांच्या रांगेत पाहिलं आणि महिना वाचला. घरात भेंडी चिरताना मी हजार वेळा म्हटलं असेल, ही जून आहे, काढून टाक. पांढरा कोट अंगात चढवला आणि तो शब्द डोक्यातून गेला.

मावशींनी त्याच दिवशी जून पानं तोडायला घेतली. त्या वर्षी थंडी लांबली होती, तरी काही फांद्यांना चुकार पालवी होती, तीही वेगळी काढली. एकेक पान कानाशी नेऊन त्या निवडत होत्या. दशांशने त्यांच्यामागे पन्नास पानांची जाडी मोजून पाहिली. मावशींचं एकही पान चुकीच्या ढिगात नव्हतं. त्याने ते मॅडमना जाऊन सांगितलं आणि म्हणाला, हे यंत्र आपल्याकडे आधीपासून होतं, आपण नोंद केली नव्हती.

या वेळी मी स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. मॅडमनी बाटल्यांवर नुसती अक्षरं घातली आणि कुठल्या अक्षरात काय आहे त्याची चिठ्ठी आपल्या खणात कुलपात ठेवली. कुठल्या बशीत जून पानांचा अर्क आहे, कुठल्यात कोवळ्यांचा आणि कुठल्यात नुसतं पाणी, हे मला ठाऊक नव्हतं. तीन वेळा मोजलं. प्रत्येक वेळी ‘ख’ बाटलीच्या बश्यांत तंतू लांब, उरलेल्यांत आखूड. एप्रिलच्या शेवटी मॅडमनी खण उघडला. ‘ख’ म्हणजे जून. एकोणचाळीस टक्के.

मॅडमनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मावशींना बोलावून घेतलं. पहिल्यांदाच त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, मुळं फुटलीत. मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्यांनी पदराने हात पुसले, मग पुन्हा डोळा लावला. त्या खोलीत इतकी वर्षं काम केलं, पण तिथे असल्याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

दशांशने लगेच नव्या पेपरचा आराखडा काढला. पानाच्या वयाचा परिणाम, विषय सरळ होता. जुना पेपर आपसूकच त्यात जिरून जाईल, तो म्हणाला, कुणी खोदून बघणार नाही. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. मॅडमनी फक्त सोमवारपर्यंत विचार कर म्हटलं. ती पत्रवाली मुलगी मला सारखी आठवत होती. पेशी हाताळताना ती आता किती काळजी घेत असेल, याचा विचार मनातून जाईना.

मे महिन्याचा पहिला रविवार. बाबा खुर्चीत, पाय माझ्या समोरच्या स्टुलावर. मी धागा काढला. या वेळी मी लय मोडली. कधी लगेच टेकवला, कधी थांबले, कधी टेकवलाच नाही. तिसऱ्या जागेनंतर बाबांनी डोळे उघडले.

"तुला कळलंय तर."

"फेब्रुवारीतच कळलं."

ते जरा ओशाळले. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. "चल, आता खरं सांगतो." आणि खरंच सांगितलं. उजव्या पायावर दहापैकी चार. मी ‘चार’ लिहिलं. वहीतला तो पहिलाच आकडा होता ज्यावर मी भरवसा ठेवू शकत होते. मागच्या पानावरच्या आठवर मी काट मारली आणि शेजारी कारण लिहिलं.

मग त्यांना सगळं सांगितलं. पाकीट, जून आणि जून, मावशींचा कान, एकोणचाळीस टक्के. एकोणचाळीसवर त्यांनी मांडीवर थाप मारली, बधिर नसलेल्या ठिकाणी, जोरात. पत्रवाल्या मुलीचं ऐकल्यावर मात्र त्यांनी हात आवरला. उठून कपाटातून अस्तराच्या कव्हरातला पेपर आणला आणि तो मांडीवर ठेवून कव्हरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. त्या अंगठ्याला अजून सगळं कळतं.

"एकदा एका कोटाची बाही उलटी लावली मी," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला कळलंच नाही. घालून गेलासुद्धा. दोन दिवसांनी मीच त्याच्या घरी गेलो." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी पेपर कव्हरातून बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "मग? वरून ठिगळ लावणार, की उसवणार?"

कागदाच्या कडा इतकी वर्षं कव्हरात राहून अजून कोऱ्या होत्या. ‘जून महिन्यात तोडलेली पाने’ ही ओळ दुसऱ्याच पानावर होती.

"उसवणार, बाबा," मी म्हटलं. "पेपर मागे घेते. चूक कुठे झाली ते माझ्या नावाने छापते, आणि त्या मुलीला आजच लिहिते की तिचा हात चुकला नव्हता, माझं वाचन चुकलं होतं. नवा पेपर त्यानंतर. त्यावर मावशींचं नाव असेल."