डाव्या भुवईचा व्रण

मी आन्सेल्म चित्रकाराचा चेहरा बोलतोय. व्याकरणाने चित्र नपुंसकलिंगी, ठाऊक आहे मला. पण एवढी तांबडी दाढी मिरवत 'बोलतंय' म्हणू का?

माझा जन्म ज्युराच्या डोंगरातला. जाडंभरडं लिननचं कापड, त्यावर जवसाच्या तेलात खललेले रंग. आन्सेल्मचा हेका एकच: "डोळ्यांना दिसतं तेच रंगवीन. देवदूत हवा तर आधी आणून दाखवा!" म्हणून माझं नाक लाल, डोळ्यांखाली पिशव्या आणि भुवईवर बकरीने शिंग मारल्याचा व्रण. सगळं कपाटाच्या आरशात बघून काढलेलं.

मी पुरा झालो तेव्हा त्याची बायको झेली हात पुसत आली.

"हा कोण?"

"अगं, मीच!"

"छे! तुझा व्रण डावीकडे, याचा उजवीकडे. शिवाय ब्रश डाव्या हातात, हा मेला डावखुरा!"

"आरशात असंच दिसतं, बाई."

"मग आरशाशीच लग्न करायचं होतंस."

मला फार लागलं. पण तिचं खरं होतं. त्याने स्वतःला आरशाबाहेर कधी पाहिलं नव्हतं, आणि तिने त्याला आरशात. माझी रवानगी जिन्याजवळ झाली. धूळ झटकताना ती विचारायची, "काय पाहुणे, बरं आहे ना?"

मग एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने आन्सेल्म गेला. झेली रोज माझ्यासमोर उभी राहायची, भुवईकडे बघायची आणि वळायची.

"त्याचा चेहरा विसरत चाललेय रे मी," एकदा म्हणाली. "आणि तुझा काडीचा उपयोग नाही."

वसंतात पाद्रीबाबा मला शहरातल्या संग्रहालयासाठी मागायला आले. "न्या," ती म्हणाली, "परकाच आहे तो." पुसून द्यावं म्हणून तिने मला आत नेऊन पलंगावर टेकवलं, फडक्यासाठी कपाटाकडे वळली आणि आरशात तिला मी दिसलो. व्रण डावीकडे. ब्रश उजव्या हातात.

"अगंबाई, आलास होय!" म्हणाली आणि आरशासमोरच ठाण मांडून बसली. पाद्रीबाबा रिकाम्या हातांनी परतले.

आता मी आरशासमोर असतो. झेली माझ्याकडे पाठ करून बटाटे सोलते आणि आरशातल्याशी मनसोक्त भांडते. मला तिची पाठही दिसते, चेहराही. फार सुखात आहे मी.

पण ती आता थकलीय. तिच्यामागे कुणी मला न्यायला आलात, तर एवढं करा: आरसाही बरोबर घ्या. नाहीतर मी पुन्हा पाहुणाच व्हायचो.