कुलूपबंद अभिनंदन

मी नोटीस बोर्ड बोलतोय. तळघरातून बोलतोय, तेव्हा जरा कान देऊन ऐका. शेजारी पाणी तापवायचं धूड दिवसभर घुरघुरत असतं.

पन्नास वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या सुतारखात्यात ऑरविल स्टॅडलर नावाच्या सुताराने मला घडवलं. ओकची चौकट, आत बुचाचा तक्ता, पुढे काचेचं दार आणि दाराला पितळी कुलूप. जोडीदाराने कामाचा कागद वाचून दाखवला, "अमेरिकन अभ्यास विभाग, तिसरा मजला." ऑरविल हसला. "राहायचं अमेरिकेत आणि अभ्यासही अमेरिकेचाच? म्हणजे माशाने पाण्याची परीक्षा द्यायची! आणि कुलूप कशाला रे? काय लावणार आहेत यात?"

"प्रोफेसरांची कौतुकं."

"मग तर नकोच. कौतुक कोण चोरतंय?"

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मी नवा होतो.

मला विभागप्रमुखांच्या खोलीसमोर टांगलं आणि माथ्यावर 'बातम्या आणि यश' अशी अक्षरं ठोकली. खिडकीतून मक्याची शेतं दिसायची, हिवाळ्यात नुसता बर्फ. पण माझं लक्ष माणसांकडे. प्राध्यापक माणूस माझ्यासमोरून जाताना बूट बांधायला वाकतो, तेव्हा तो बूट बांधत नसतो. आपला कागद अजून जागेवर आहे ना, ते बघत असतो.

इथली एक रीत सांगतो. ज्याचं यश त्यानेच लिहून द्यायचं, पण दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं. 'प्राध्यापक अमुक यांच्या निबंधाला पुरस्कार मिळाला.' आणि शेवटी, 'विभागाला त्यांचा अभिमान आहे.' हे वाक्य नसेल तर कागद परत. आपलीच आरती आपणच ओवाळायची आणि वर प्रसादही आपणच वाटायचा! महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी व्हर्ना टोलेफसन या चिठ्ठ्या लावायची. व्हर्ना विभागाची कारकून, तीस वर्षं तिथेच. माझी किल्ली दोरीत ओवून गळ्यात घालायची. "यांचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही," ती म्हणायची, "म्हणून मला पगार देतात."

दुसरा नियम कागदावर नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता. माझ्यात नाव लागायचं ते कायम नोकरीवाल्यांचंच. कंत्राटी शिक्षकांचं नाही.

नदीन क्वॉर्ल्स कंत्राटी होती. अकरा वर्षं, दर वर्षी नवं पत्र. पहिल्या वर्षाचे चार वर्ग ती एकटी शिकवायची. तिची खोली म्हणजे आज मी जिथे पडलोय तीच, तळघरात, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी. मिनिटभर उसंत मिळाली की माझ्यासमोर उभी राहून दुसऱ्यांची कौतुकं वाचायची. एकदा व्हर्नाला म्हणाली, "तुझ्या या काचेत माझा फक्त चेहरा दिसतो बघ."

"चेहरा दिसतोय ना? मग तेवढा तरी नियम मोडलास," व्हर्ना म्हणाली. दोघी हसल्या. मला मात्र लाज वाटली.

नदीनची आई गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या कारखान्यात मांस कापायची. त्या कापणाऱ्या बायांवर नदीनने नऊ वर्षं खपून पुस्तक लिहिलं. ते छापून आलं आणि त्याला देशपातळीवरचा एक पुरस्कार मिळाला. व्हर्ना केक घेऊन तळघरात गेली. माझ्यात काही लागलं नाही.

त्याच वर्षी विभागावर संक्रांत आली. आमचा विषय घेणारी मुलं कमी झाली होती, आणि सगळ्या विभागांच्या वरच्या डीनबाई आमचा विभाग बंद करायला टपूनच बसल्या होत्या. बाहेरची समिती तपासणीला येणार, ती वाईट बोलली तर विभाग बंद. विभागप्रमुख गॉर्डन ॲक्टरबर्ग माझ्यासमोर घाम पुसत उभे राहिले. पाच वर्षांत समितीला दाखवण्याजोगं नवं काही नव्हतंच. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः उपटल्या आणि नदीनला वर बोलावलं.

इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. कोण वरचा, कोण खालचा, ते खोलीच्या खिडकीवरून ओळखायचं. नदीनच्या खोलीला खिडकी नव्हती.

"नदीन, पुस्तकाची चिठ्ठी लिहून दे. नेहमीसारखी, दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखी. मुखपृष्ठ मोठं छापून लावू."

"गॉर्डन, मी कंत्राटी आहे ना?"

"अगं, आपण सगळे एकच कुटुंब."

"मग कुटुंबातलंच विचारते. पुढच्या वर्षी माझे चार वर्ग राहतील ना? तीनच्या खाली गेले तर नोकरीबरोबरचा आरोग्यविमा जातो. एलिसचे उपचार अर्ध्यावर आहेत." एलिस तिचा नवरा, शाळेची बस चालवायचा. त्याच्या रक्तात कर्करोग निघाला होता आणि औषधाने तो हळूहळू सावरत होता.

"ते माझ्यावर सोड," गॉर्डन म्हणाले.

तिने चिठ्ठी लिहिली आणि व्हर्नाने ती माझ्या मधोमध लावली. खरं सांगतो, मी इतका कधी मिरवलो नव्हतो.

समितीत तिघं होते. त्यातल्या एक पिकल्या केसांच्या बाई माझ्यासमोर थबकल्या. "हे पुस्तक मी माझ्या वर्गात शिकवते! ही लेखिका तुमच्याकडची?"

"आमचीच," गॉर्डन म्हणाले. नदीन त्या वेळी खाली तिचा चौथा वर्ग घेत होती.

अहवाल चांगला गेला. विभाग वाचला. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या पेल्यांतून वाइन वाटली गेली, आणि बोलता बोलता एका प्राध्यापकाने आपला पेला माझ्याच चौकटीवर ठेवला. डीनबाईंची एक अट तेवढी होती. खर्च कापायचा, पण कायमच्या जागांना हात लावायचा नाही. मग उरलं कोण? एप्रिलमध्ये नदीनला पत्र आलं. पुढच्या वर्षी एक वर्ग.

ती पत्र घेऊन वर आली. आवाज चढवला नाही. "तू म्हणाला होतास, माझ्यावर सोड."

"माझ्या हातात काही नाही गं. मला खरंच वाईट वाटतंय."

"एलिसला काय सांगू? गॉर्डनला वाईट वाटतंय?"

गॉर्डन खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकीचा हाही एक उपयोग असतो.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. नदीनने व्हर्नाच्या टेबलावर एक कागद ठेवला. व्हर्नाने वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

"हा लावू? नक्की?"

"रीतीप्रमाणेच लिहिलंय ना? शेवटचं वाक्यसुद्धा घातलंय."

व्हर्ना उठली. माझं दार उघडून तिने तो कागद पुरस्काराच्या चिठ्ठीखाली चार टाचण्यांनी ठोकला आणि कुलूप लावलं. त्यावर लिहिलं होतं:

'नदीन क्वॉर्ल्स यांनी अकरा वर्षं या विभागात शिकवलं. त्यांचं पुस्तक दाखवून विभाग वाचला. एकतीस मे रोजी त्यांचा आरोग्यविमा संपत आहे. त्यांचे पती एलिस यांचे उपचार अर्धे झाले आहेत. विभागाला त्यांचा अभिमान आहे.'

सोमवारी गॉर्डन धावतच आले. "व्हर्ना, किल्ली दे!"

"हरवली."

"हरवली? तीस वर्षांत कधी हरवली नाही ती!"

"वय झालं माझं." दोरी तिच्या स्वेटरच्या गळ्यातून दिसत होती. मला दिसली, गॉर्डनना दिसली नाही. ती कायम तिच्या गळ्यातच असायची, पण व्हर्नाच्या गळ्याकडे बघतो कोण?

कुलूप तोडायचं तर विद्यापीठाला अर्ज करावा लागतो, आणि अर्जाला सहा आठवडे लागतात. गॉर्डननी काचेवर तपकिरी कागद चिकटवला. मुलांनी तो फाडला. पदवीदानाच्या दिवशी आईबापांनीही माझ्यासमोर उभं राहून वाचलं. काही जणी रडल्या, एका मुलाने फोटो काढला. दोन प्राध्यापक बूट बांधायला वाकले. त्यातला एक वाचून हळूच म्हणाला, "अतिच झालं हे." पण वर्ग काही कुणी परत दिले नाहीत. मला वाटायचं, इतक्या लोकांनी वाचल्यावर काहीतरी होईलच. बोर्डाची बुद्धी शेवटी बुचाची!

जूनमध्ये मला भिंतीवरून उतरवलं. माझ्या जागी टीव्हीसारखा उजेडाचा पडदा लावला, त्याला किल्ली लागत नाही. चिठ्ठ्यांसकट मला नदीनच्या रिकाम्या खोलीत आणून टेकवलं.

सप्टेंबरमध्ये व्हर्ना खाली आली. ती निवृत्त होत होती, निरोप घ्यायला आली असावी. ती उलट्या बादलीवर बसली. मग माझ्याशीच बोलावं तसं बोलली.

"बाहेरचा विमा घेतला होता पोरीने, पण त्यात एलिसचा डॉक्टर बसेना आणि ते औषधही बसेना. मग ती कोंबड्यांच्या कारखान्यात लागली. आईच्याच जागी, कापायला. तिथे विमा आहे. पण नव्वद दिवस भरल्यावर." तिने नाक पुसलं. "एकोणऐंशीव्या दिवशी एलिस गेला. दुपारी, ती कामावर असताना. कारखान्याने तिला सुट्टी दिली, तीन दिवसांची. चौथ्या दिवशी परत उभी राहिली बघ."

मी लाकूड आहे. लाकडाला रडता येत नाही असं म्हणतात. त्या दिवशी माझी चौकट तडकली, ती मात्र या धुडाच्या उष्णतेने तडकली असं कुणी सांगू नये.

"वर त्या पडद्यावर अजून तिचा फोटो फिरतोय," जाता जाता व्हर्ना म्हणाली. "पुस्तक हातात धरून हसतीये. 'आमच्या नदीन क्वॉर्ल्स. विभागाला त्यांचा अभिमान आहे.' दर दोन मिनिटांनी." तिने गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली माझ्या कडेच्या खिळ्याला अडकवली.

ऑरविल, तू विचारलं होतंस, कौतुक कोण चोरतंय. मी पन्नास वर्षं राखण केली, आणि चोरी माझ्याच काचेआड झाली.

आता मला जळणात घालतील, त्याचं दुःख नाही. इथे झेरॉक्स काढायला कुणी ना कुणी येतंच. तुम्ही आलात तर किल्ली खिळ्यावर आहे. दार उघडा, खालचा कागद काढा आणि नीट वाचा. पण वाचून परत माझ्यात ठेवू नका. झेरॉक्स शेजारीच आहे. तीन मजल्यांना पुरतील एवढ्या प्रती काढा आणि वर घेऊन जा.