सरकारी ओगराळं

सरकारची तिजोरी आटली तेव्हा वरून हुकूम सुटला: प्रत्येक खात्याने खर्च कमी करायची युक्ती सुचवावी, नाहीतर माणसं कमी होतील. सरकारी इस्पितळातल्या आचाऱ्याचं धाबं दणाणलं. स्वयंपाकघर कंत्राटदाराच्या घशात घालायचं घाटत होतंच. पण भीतीने कधी कधी डोकं भलतंच चालतं. त्याने साहेबांना गाठलं.

"साहेब, रोग्याला दोन ओगराळी सूप मिळतं. ती दोनच राहू देत. ओगराळं तेवढं लहान करा."

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या इमारतीने असं दृश्य पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

लोहाराने नवं ओगराळं घडवलं. पुढच्या वर्षी त्याहून लहान, मग त्याहूनही. शेवटी लोहार वैतागून म्हणाला, "हे काम आता सोनाराकडे न्या, बाबा!" रोग्यांनी हूं की चूं केलं नाही. दोन मिळत होती, दोन मिळत राहिली. युक्ती तुरुंगांत गेली, वसतिगृहांत गेली. आचाऱ्याची नोकरी पक्की झाली. घरचे डबे मात्र बंद झाले, उगाच कुणाला घरचं ओगराळं आठवायला नको! फाटकावरचा पहारेकरी म्हणे भेटायला येणाऱ्यांची तोंडंसुद्धा हुंगायचा.

आणि एक दिवस ताई आली. आई गेल्यावर आचाऱ्याला तिनेच वाढवलं होतं. न्हाणीघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. वॉर्डाच्या टोकाची खाट तिला मिळाली. डॉक्टर म्हणाले, "अंगात ताकदच नाही. वजन वाढलं तर ऑपरेशन करू. नाहीतर टेबलावरच जातील."

दुपारी आचारी ढकलगाडी घेऊन आला. ताईच्या वाडग्यात दोन ओगराळी पडली, तरी तळ दिसतच राहिला.

"आणि?" ताईने विचारलं.

"झालं, ताई. दोनच असतात."

"मेल्या, लहानपणी तू याहून जास्त अंगावर सांडायचास! कुणा चांडाळाने बनवलंय हे?"

"वरून आलंय," तो म्हणाला.

तिसरं घालायची सोय नव्हती. अख्खा वॉर्ड मोठ्याने मोजायचा, दुसरा विरंगुळाच नव्हता. आणि पातेल्यात तरी कुठून असणार? माणशी मापूनच सूप शिजायचं. तीही त्याचीच सूचना.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी तापात गुंगून पडलेली असे. तिला भेटायला कुणी येत नसे. आचाऱ्याने तिच्या वाडग्यात दोन ओगराळी ओतली, वॉर्डाने दोन मोजली. मग दोन खाटांमधलं टेबल पुसायच्या निमित्ताने वॉर्डाकडे पाठ करून त्याने तिचं अर्धं सूप ताईच्या वाडग्यात ओतलं. काही दिवस अर्धं. मग सगळं.

"आज बरं भरलंय रे वाडगं," ताई म्हणायची. तिच्या गालांवर थोडं मांस आलं. डॉक्टर खूश झाले. "आणखी थोडंच हवं," म्हणाले.

एका सकाळी म्हातारीची गादी गुंडाळून ठेवलेली दिसली.

"कमालच आहे," सिस्टर म्हणाल्या. "भूक तर चांगली होती. वाडगं रोज रिकामं असायचं."

आचाऱ्याने पदराआड लपावं तसं पातेल्याआड तोंड लपवलं. पण त्या दुपारी एक माणूस कमी, म्हणून सूपही तेवढं कमी शिजलं. ताईच्या वाडग्यात पुन्हा दोनच पडली.

"आणि?" ताई म्हणाली.

गाडी ढकलत तो पुढे गेला. आज तो वाडग्यांकडे नाही, चेहऱ्यांकडे पाहत होता. वॉर्डाच्या मध्यावर एक तरुण बाई भिंतीकडे तोंड करून निपचित पडली होती. सगळे मोजत होते, तिचे ओठ हलत नव्हते.

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "हिला भेटायला कुणी येतं का हो?"

"नाही रे, बिचारीचं कुणीच नाही."

"मग हिला आमच्या ताईशेजारी हलवा ना. खाट रिकामीच आहे. दोघींना सोबत होईल."